जादा जमा

फीची खिडकी इतकी खाली आहे
की आईबाप वाकूनच बोलतात.
अकरा वर्षं झाली मला इथे, टिळकवाडीत.
तिसऱ्या गेटवरून गाडी गेली
की पेपरवेट जरासं सरकतं,
मी परत जागेवर ठेवते.

प्रवेशाचं हमीपत्र तीन पानी.
कन्नड वर, इंग्रजी खाली,
मराठी मी तोंडी सांगते, ज्याला हवं त्याला.
'मी खाली सही करणार, विद्यार्थ्याचा पालक...'
पालक एकवचनी. रेघ एक.
तीही आखूड; मुचंडीकर हे आडनाव
शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर
खालच्या कलमात घुसतं.

त्या एप्रिलात रेणुका आली.
गडहिंग्लज कोर्टाचा निकाल नायलॉनच्या पिशवीत,
सोबत गोंडे बांधायचं रेशीम, अर्धं गुंतलेलं.
आता वडगावात राहते, शाल्मली तिच्याकडे.
वैजनाथ शिनोळीच्या फौंड्रीत.
पहिला आणि तिसरा हप्ता त्याचा, दुसरा-चौथा तिचा,
पान सहा, परिच्छेद नऊ.
मी पट्टी धरून रेघेखाली
दुसरी रेघ ओढली.
हेडबाई म्हणाल्या, फॉर्म छापील असतो.
मी म्हटलं, होय.
रेघ राहिली.

सीमेबद्दल इथे काही लिहिणार नाही मी.
लोकांना वाटतं, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा अर्थ तोच.
शिनोळीची बस अर्ध्या तासात येते,
कंडक्टरकडे सुट्टे दोन्हीकडे नसतात.
लांब असतं ते
या खिडकीपासून त्या बाकापर्यंत,
जिथे एक जण इथे उभा असताना दुसरा
मोबाईलमध्ये नसलेलं काहीतरी वाचत बसतो.

सॉफ्टवेअर हुबळीचं. 'पैसे भरणार' हा रकाना एकच.
म्हणून माझी वेगळी वही, शंभर पानी:
तो निळ्या शाईत, ती हिरव्या.
पावती एकाला खरी, दुसऱ्याला झेरॉक्स.
झेरॉक्सचे दोन रुपये मी मागत नाही.
पहिला हप्ता बावीस दिवस उशिरा आला,
निळी तारीख, त्याखाली दंड दीडशे.
दंड पालकाने भरायचा, कुठल्या ते फॉर्म सांगत नाही.
तो हिरव्या शाईत आहे. मी विचारलं नाही.

डिसेंबर. तिसरा.
सकाळी खात्यात सात हजार.
दुपारी खात्यात आणखी सात हजार.
नाव नाही, नुसता शाल्मलीचा रजिस्टर नंबर.
फोन लावला. मागे भट्टीचा घोंघाट.
"मी भरलो की, मॅडम."
दुसरा लावला. मागे शेजारच्या मागाची खटखट.
"मी भरलो की, मॅडम."

आमच्याकडे बाईही भरलो म्हणते.
पुण्याहून आलेले मराठीचे सर वर्गात हे सुधारत बसतात,
मी फी भरली, मी हप्ता भरला, म्हणा परत.
पोरं म्हणतात, आणि मधल्या सुट्टीत
डबा खाल्लो म्हणून पळतात.
कुणी भरलो, हे त्या क्रियापदाला
खरंच माहीत नसतं.

"ह्या खेपेला उशीर नको म्हणून," तो म्हणाला.
"ह्याही खेपेला उशीर होणार म्हणून," ती म्हणाली.
मी एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही.
ते माझ्या कामात बसत नाही.

स्क्रीनवर लाल अक्षरं: जादा जमा ७०००.
यंत्राच्या मते ही चूक.
चौथ्या हप्त्यात वळवता येईल.
धारवाडचे तपासनीस काय विचारायचं ते मार्चमध्ये विचारतील.

शाळा सुटल्यावर शाल्मली आली, तिसरी ब,
एका सॉक्सचं इलॅस्टिक गेलेलं.
तिला वाकावं लागत नाही,
खिडकी बरोबर तिच्या मापाची.
मी दोन पावत्या पुढे केल्या.
तिने उजेडात धरून बघितल्या, आधी एक, मग दुसरी.
"झेरॉक्स कुठली?"
"नाही गं. दोन्ही खऱ्या."
एक तिने कंपासपेटीत घातली.
दुसरी हातात धरून उभी राहिली,
शिक्का वाळेपर्यंत.