बॉनेटवरची मांजर

फोनवर तीनदा सांगितलं होतं जसवंतभाईंना,
आठला येते, तोवर गाडी सुरू करू नका,
इंजिन गार हवं.
"हो बेन, हो बेन."

पोचले तर बॉनेटवर मांजर.
चारही पाय पोटाखाली, डोळे मिटलेले.
उत्तरायणाआधीची थंडी, समा भागातली गल्ली,
ऊन अजून तिसऱ्या मजल्यावरच अडकलेलं,
अशा वेळी लोखंडावर कोण झोपतं?
हात ठेवला. तव्यासारखं नाही,
पण तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखं.
"हमणां ज जरा फेरवी," ते म्हणाले
आणि मांजरीकडे असं पाहिलं
जशी तीच फितूर झाली.

म्हटलं, थांबू. गार होऊ दे.
खुर्ची आली, चहा आला.
एकच मालक. मुलगा ऑकलंडला.
महिन्यातून एकदा डाकोर, बस्स, बाकी उभीच.

बाबा प्रतापनगरच्या वर्कशॉपात फिटर.
डिपस्टिक ओढायची, पुसायची,
परत घालायची, परत ओढायची, मग वाचायची.
पहिल्या खेपेचं धरायचं नाही,
पहिल्या खेपेला तेल नुसतं घाबरलेलं असतं.
चिंधी नसली तर बनियनची कड,
आणि रात्री आईचं मोरीतून सुरू,
"आज पुन्हा पोटावर इंजिन काढून आणलंत!"

दुसऱ्या खेपेला तेल
दोन खुणांच्या बरोबर मधे, मधासारखं.
इतकं नितळ की मला बरं वाटेना.
काळं असतं तर बोलले नसते,
काळं म्हणजे निदान काम केलेलं.
चिमटीत चोळलं. कीस नाही, वाळू नाही.
वासही दुकानातला, कालपरवाचा.

मग वरचं झाकण फिरवून काढलं.
ते पुसायचं राहिलं होतं.
आतल्या बाजूला ताकावर येतो तसा
पिवळट, जाड फेस.
थंडीत जवळच्या जवळ फिरवली तरी धरतो कधी,
म्हणून दोष ठेवला नाही.
मागच्या सीटवर बसले
आणि पट्टा ओढत गेले, ओढत गेले,
ती शेवटची वीत
जी कोणी कधी ओढत नाही.
तिथे गाळाची रेघ होती. वाळून भुरी झालेली.

मान वर केली तर घर दिसलं.
खांद्यापर्यंत रंग नवा, वर जुना.
सगळे प्लग पॉइंट डोक्याच्या उंचीवर,
फ्रिजची वायर भिंतीवर चढून गेलेली.

"विश्वामित्री," मी म्हटलं.
त्यांनी कप खाली ठेवला.

तीन दिवस वरच होतो, म्हणाले.
गॅलरीतून नुसतं छप्पर दिसायचं गाडीचं.
रात्री दोनला हॉर्न वाजायला लागला. आपोआप.
आत कोणी नाही, चावी माझ्या खिशात.
पाऊण तास. मग चिरका झाला, मग गेला.
कोकिला म्हणाली, जाऊन बंद करा ना.
कसं जाऊ? पार्किंगात मगर फिरत होता.
थोडं हसले. मग नाही हसले.
पोरगा फोनवर म्हणतो,
पपा, तेल बदला, कोणाला कळतंय.

बाबांना फोन लावला.
"काय निघालं?"
"पाणी."
"मग ये परत," आणि जरा थांबून,
"माणूस कसा आहे?"
मला त्याची डिपस्टिक माहीत नव्हती.
"चहा चांगला होता," म्हटलं.

झाकण लावलं, बोटं ओढणीला पुसली.
फाटकापर्यंत सोडायला आले,
चप्पल घालायला विसरून.
"बेन, एक विचारू?
ते झाकण पुसून ठेवू
की राहू देऊ तसंच?"

मी स्कूटरची किक मारत राहिले.
ती पण गार होती, लागेना.
मागे मांजर पुन्हा चढली होती बॉनेटवर.
आता खाली ऊन आलं होतं.