नादार

लिलावाच्या यादीत सत्तावन्नावा जिन्नस:
बटाटे तळायची कढई, दोन कप्प्यांची, एक कप्पा बंद.
अठ्ठावन्नावा: गवत कापायचं यंत्र, चालू स्थितीत.
एकोणसाठावा: कोपऱ्यांची निशाणं, नग चार.
मोजा. तीन भरतील.

कोर्टाने नेमलेली बाई आली मंगळवारी,
चिखलाला न भेटलेले बूट,
हातात पिवळ्या स्टिकरांचं बंडल.
खुर्चीला आकडा, घड्याळाला आकडा,
अठ्ठ्याहत्तर सालच्या कपाला आकडा,
ज्यात फोन्स शिट्ट्या आणि सुटे स्क्रू ठेवायचा.
चुन्याच्या गाडीपाशी ती थांबली. हे कुणाचं?
"माझं," फोन्स म्हणाला.
सत्तर वर्षांच्या माणसाचे कान
एवढे लाल झालेले मी पाहिले नव्हते.
बाईने पाहिले असावेत.
तिने स्टिकर परत बंडलात लावला
आणि पुढच्या खोलीत गेली.

एस्केलबेर्गची खाण बंद पडली तेव्हा मी सात वर्षांची.
त्याआधीच सार्डिनियाहून, झोंगुलडाकहून, पोलंडहून
उतरलेली माणसं उत्तरेच्या कठड्याला रेलून
एकाच पंचाचा उद्धार करायला शिकली होती.
आमच्या घरात फ्लेमिश अशीच आली:
आधी शिव्या, मग आकडे,
मग बऱ्याच वर्षांनी "कृपया".
खाण गेली, पगार गेले, बाबांचं एक फुप्फुस गेलं.
शनिवार राहिला.

मग तो आला.
पोर्तुगालहून स्ट्रायकर आणला, दिव्यांचे खांब बदलले,
म्हाताऱ्यांना फुकट मफलर वाटले.
पैसा कुठला, हे एकट्या गोडेलीव्हने विचारलं.
बेकरीचे हिशेब लिहिण्यात तिचा जन्म गेला,
तिला आकड्यांचा वास यायचा.
आम्ही म्हटलं, बाई, गोल बघ ना, गोल!
आणि त्याच्या नावाचं गाणं केलं.
आम्ही म्हणजे मी.
बसच्या मागच्या सीटवर, तिकिटाच्या पाठीवर.
पुढच्या शनिवारी चार हजार गळ्यांनी ते म्हटलं
आणि तो कोट सावरत उठला, हात हलवला,
मला वाटलं, मलाच.

नऊ महिने खेळाडूंना पगार नाही.
धोब्याचं बिल, विजेचं बिल,
पोरांच्या संघाच्या बसचं बिल,
आणि ती बस चालवणारी मीच.
नुरेत्तिनने दुकानात बिस्किटांचा डबा ठेवला, झाकणाला भोक पाडून.
एकेचाळीस हजार युरो जमले.
करखात्याने ते गिळले,
पाण्याचा घोटसुद्धा मागितला नाही.

कागदावर क्लब नादार ठरला.
नाद मात्र यादीत नव्हता,
त्याला स्टिकर कुठे लावणार?
नोंदणीचा क्रमांक खोडला गेला.
बाबांच्या थडग्यावर तो कोरलेला आहे,
जन्मतारखेच्या खाली.
दगडावरून खोडायचे किती घेतात,
मी चौकशी केलेली नाही.

शनिवारी तरी सगळे आले.
फाटकाला मेणाचं सील.
हात कुठे ठेवावेत कुणाला कळेना,
पेला नाही, झेंडा नाही, खिसे किती वेळ पुरणार?
गोडेलीव्ह आली, माझ्या शेजारी उभी राहिली.
"मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही.
म्हणाली असती तर बरं झालं असतं.
पावणेआठला कुणीतरी घड्याळ पाहिलं.
सव्वाआठला पांगलो.

चौथं निशाण माझ्या पलंगाखाली आहे,
जुन्या चादरीत.
आणि न्हाणीघरात माझा मुलगा
दात घासता घासता, तोंडात फेस असताना,
त्या माणसाचं गाणं गुणगुणतो.
त्याला नाव माहीत नाही, चाल आवडते.
दारात उभी राहून मी ऐकते.
थांब म्हणायला हवं.
यमक चांगलं जमलं होतं.