दार

सेकंड शिफ्ट सुटली. उद्यमबागेतून घरी आले,
बोटांना कूलंटचा वास तसाच.
उरलेली चपाती खात मोबाइल टेकवला तांब्याला
आणि अर्धा राहिलेला तो जपानी सिनेमा लावला,
चित्रांचा, हातानं काढलेल्या चित्रांचा.
वडगावात लाईट होती,
म्हणजे आप्पांचा माग चालू होता.

सिनेमातलं शहर उंच, निळं, सतत ओलं.
एकही पाटी वाचता येईना.
त्याची मला सवय आहे.
आमच्याकडे पाट्यांना रात्रीत डांबर लागतं,
सकाळी दुकानात तोच माणूस, तीच साखर.

एक पोरगी होती. कारखान्यात घडवलेली.
मनगटाला खाच, खाचेत चार स्क्रू.
मी नजरेनंच माप घेतलं: तीन मिलिमीटर, स्टेनलेस.
असले आम्ही दिवसाला दोनशे काढतो.
कुठल्या विमानात बसतात, कोण सांगतंय.

तिचं काम हमालीचं.
दुसऱ्यांच्या आठवणी डोक्यात भरून न्यायच्या,
पोचवल्या की पुसून घ्यायच्या.
एक तेवढी निघत नव्हती:
कुणाची तरी आई केस विंचरतेय, गुंता सुटत नाही.
ती इंजिनियरला विचारते,
"माझे केस कधी वाढलेच नाहीत.
मग ओढ बसलेली दुखते ती कुठं?"
तो सिगारेट पेटवतो.
धूरसुद्धा कुणीतरी बसून काढलाय, एकेक वळसा.

तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
आप्पा बाहेर आले.
चाळीस वर्षांत कान गेले त्यांचे, टाचेनं ऐकतात;
फरशी थरथरायची थांबली की त्यांना कळतं.
सिव्हिलमधलं कानाचं यंत्र
सेल काढून कपाटात ठेवलंय.
म्हणतात, त्यात मागाचा आवाज येत न्हाई, नुसता माणसांचा येतोय.

"काय बघालीस?"
मी सरकले. ते बसले.
त्यांना भाषेची अडचण नव्हती, जपानी काय, मराठी काय.

पोरीचा हात तुटला तेव्हा
खांद्यातून तारा लोंबल्या, शेकडो, बारीक, रंगीत.
आप्पा पुढं वाकले.
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"ताणा तुटलाय. जोडायला कोण न्हाई व्हय तिला?"

मला मल्लव्वा आठवली, शेजारच्या मागावरची.
"दार हरीतु!" अशी ओरडायची,
आणि पाच वर्षांची मी धावत जाऊन दार बघून यायची.
कडी, कोयंडा, सगळं जागच्या जागी.
कानडीत दार म्हणजे धागा,
हे कळायला मला एक पावसाळा लागला
आणि मल्लव्वाला हसू आवरायला त्याहून जास्त.
अजून एखादं दार करकरलं
की मला वाटतं, कुठंतरी सूत गेलं.

सिनेमात शेवटी ती एका घरासमोर उभी राहते.
आठवणीतल्या बाईचंच घर असणार.
उद्या तिला पुसायचं ठरलंय.
उरलेला हात वर करते, दारावर टकटक करायला,
आणि तिथंच थांबते.
किती वेळ! बॅटरी सहा टक्के.

आप्पांचा हात आपोआप पुढं आला.
अंगठा आणि तर्जनी जिभेला लावली,
लोंबत्या तारांचं एक टोक काचेवरून उचललं,
दुसऱ्यावर वळवलं,
आणि गाठ आवळायला बोटं दोन बाजूंना ओढली.

मोबाइलला वाटलं, चित्र मोठं करायचंय.

पोरगी कडेनं निघून गेली. तारा गेल्या. हात गेला.
राहिलं नुसतं दार,
लाकडाच्या उभ्या रेघा, शेजारी शेजारी,
मागावर चढवलेल्या सुतासारख्या.
आप्पांनी निरखून बघितलं, मान हलवली.
"हां," म्हणाले. "आता बसली."

मग त्यांची टाच हलली.
मला ऐकू यायच्या आधीच ते उठले होते.