अडतीस ग्रॅम

डंडीत, मंगळवारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आम्ही अकराजणी केस जाळीत कोंबून उभ्या असतो.
निळे हातमोजे. एप्रनवर नावाची चिठ्ठी.
माझं अख्खं नाव मावेना, म्हणून एल्स्पेथनं 'वैजू' लिहिलं.
तसं फक्त भाऊ म्हणायचा,
तेही चिडलेला नसला तर.

फुकट राबायला लंडनला कशाला जायचं,
इथे काय कमी आहे? नणंद म्हणाली होती.
लंडन नाही वन्सं, डंडी.
तिला दोन्ही सारखीच लांब.

मे महिन्यात कुणाच्या तरी परसातून
खोकी भरभरून रूबार्ब येतं.
अळूच्या चुलतभावासारखं. पानं विषारी, देठ लाल,
आणि आंबट इतकं की पहिल्याच चाव्याला
माझ्या तोंडून मराठीच निघालं:
आई गं, कैरी!

म्हणजे लोणचं. ते ठरलंच.

एल्स्पेथनं फॉर्म पुढे केला.
जिन्नस लिहायचे, ग्रॅममध्ये.
मोहरी ठळक अक्षरांत, काहींना सोसत नाही.
(हिनंच आमच्याकडे दृष्ट काढतात, हे मी गिळलं.)
हिंगातला गहूसुद्धा ठळक.
मीठ?
मूठभर.
म्हणजे किती?

आता बघा, बावीस वर्षं मी
शाळेच्या पोषण आहाराच्या वहीत सही केली आहे,
मुलामागे तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ वीस.
साहेब आले की ग्रॅम,
साहेब गेले की शेवंताबाईंची मूठ.
वही कधी चुकली नाही. खिचडीही नाही.
पण माझी स्वतःची मूठ
मी कधी काट्यावर घातली नव्हती.

घातली.
अडतीस.

आता मी, म्हणाली लेतेब्रहान.
एकसष्ट! अस्मारात बाराजणांचं रांधायची.
आता एका खोलीत एकटी आहे,
हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

हनादीची चव्वेचाळीस. तिला पटेना. पुन्हा भरली, तेहतीस.
पुन्हा, सत्तेचाळीस.
ती अरबीत काहीतरी पुटपुटली, काट्याला की हाताला कोण जाणे.
श्लेर खूप हसली, पण अर्थ सांगितला नाही.

मोरागची बोटं संधिवातानं मिटत नाहीत.
तिची आई जूट मिलमध्ये होती,
त्या गोंगाटात बायका ओठांवरून बोलायच्या,
तेव्हापासून मोरागसुद्धा माणसाचे डोळे नाही, ओठ बघते.
तिचं मीठ फटींतून गळत गेलं.
काट्यावर अकरा.
टेबलावरचंही धरा, ती म्हणाली.

मग मला राहवेना, मी सांगून टाकलं
की आमच्यात झाकली मूठ सव्वा लाखाची असते.
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
सव्वा लाख काय, एल्स्पेथनं विचारलं,
पौंड?

फॉर्मवर शेवटी अडतीस गेलं.
बॅच क्रमांक सात, चोवीस बरण्या,
शनिवारच्या बाजारात साडेतीन पौंडांना एक.
तेवीस गेल्या. गेलेल्यांतली एक
पुढच्या मंगळवारी परत आली, झाकणाला चिठ्ठी चिकटवून:
फार खारट.

एल्स्पेथनं चमचा बुडवून चाटला,
डोळे मिटले, पाणी प्याली.
सातव्या बॅचला मीठ कुणी घातलं होतं?

लेतेब्रहान आमच्याकडे पाठ करून
एक कोरडी बरणी
पुसतच होती, पुसतच होती.

मी घातलं, म्हटलं.
मोराग माझ्या ओठांकडे बघत होती.
अडतीस, मी म्हटलं. मोजून.