लंघन

पिवळा मासा हीटरमागे उभा आहे, परवापासून.
पोट लिंबाएवढं. मागे पांढरा दोरा
लोंबतोय, तुटत नाही.

घणसोलीच्या दुकानात मढवीने फोटो मोठा करून पाहिला.
"ब्लडवर्म कोण घालतं?"
मीच. रोज. मिटक्या मारत खायचा म्हणून.
"अहो, हा दगडावरचं शेवाळ खरवडणारा.
एवढं लांब आतडं घेऊन जन्मलेला."
मग गोळी, एप्सम सॉल्ट, रोज थोडं पाणी बदला,
पुढे हिरवे दाणे, तेही चिमटीभर.
आणि आत्ता उपास.
"साबुदाण्याचा नव्हे," म्हणाला. "खरा."

आज नेमकी एकादशी.
ओट्यावर खिचडी, रताळ्याच्या काचऱ्या, शेंगदाण्याची आमटी.
दुप्पट खाशी, ते काही खोटं नाही.
टाकीपाशी गेलं की बाकीचे सगळे काचेला तोंड लावतात.
मी हात मागे बांधते.

मोरब्याचं पाणी, रात्रभर बादलीत निवलेलं,
मगामगाने ओतते.
तो कल्ले हलवतो. एवढंच.

पाचव्या रात्री, दीड वाजता,
वाळूवर काळपट काहीतरी. दोरा नाही.
पोट अजून तसंच, थोडं कमी, किंवा मला वाटतं.
उन्मेषला हलवून उठवलं :
अरे, शी झाली त्याला.