सेवेरीनोने सांगितलेला रस्ता

त्या उन्हाळ्यात गाडी आई चालवायची.
बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
ते शेजारी बसत, मांडीवर नकाशा,
भिंगाने गाव शोधत,
आणि सापडेस्तोवर ते गाव मागे पडलेलं असे.

ओउरेन्सेहून निघालो तेव्हा अंगाची लाही होत होती.
गालिसियाच्या टोकाला पोचलो तर धुकं,
आणि मावशीचे उसने स्वेटर एवढे ढगळ
की ब्राइसच्या बाह्या सूपमध्ये बुडत.

चार दिवस आम्ही गावं हिंडलो.
दगडी खांबांवर उचलून धरलेल्या कणग्या,
उंदरांना चढता येऊ नये म्हणून मध्ये चपट्या शिळा,
दोरीवर निळे कामाचे कपडे,
आणि दारात एखादी म्हातारी, जी आईला विचारायचीच,
"कुणाची गं तू?"
"इथली नाही मी," आई म्हणायची,
दर वेळी थोडं हळू.

पाचव्या दिवशी रस्ता चुकला.
दोन्हीकडे मका, आरशांना घासणारा,
पाणंद इतकी अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला
तेव्हा कुणीतरी मागे जायलाच हवं होतं,
आणि आईला रिव्हर्स जमत नव्हता.
ट्रॅक्टरवरचा माणूस उतरला. सेवेरीनो.
नाव त्यानेच सांगितलं, हात पँटला पुसून.

समुद्र? समुद्र सोपा आहे.
सरळ जा, लाकडाची गिरणी होती तिथवर.
मग डावीकडे, जिथे अक्रोड होता.
अक्रोड पडला वादळात, पण वळण तेच आहे.
मग शाळा. शाळा नाही आता.
तिथून पुढे वास येईल. वासाच्या मागे जा.

बाबांनी सगळं नकाशाच्या कडेला लिहून घेतलं,
तो नकाशा अजून माझ्याकडे आहे.
मग सेवेरीनोच ट्रॅक्टर मागे घेत गेला,
मान वळवून, मका संपेपर्यंत.

नसलेल्या गिरणीपाशी आम्ही थांबलो.
"हीच," ब्राइस म्हणाला. तिथे काटेरी जाळ्या
आणि एका चौकोनात गवत जरा वेगळ्या रंगाचं.
नसलेल्या अक्रोडाला आईने वळण घेतलं
इंडिकेटर लावून,
मागेपुढे चिटपाखरू नसताना.
शाळेपाशी बाबांनी काच खाली केली,
डोळे मिटले, म्हणाले:
आता रस्ता मी सांगतो.

शोधत होतो ती पुळण ही नव्हतीच.
पोस्टकार्डावर पांढरी वाळू होती, इथे चिखल.
ओहोटीने खाडी तळापर्यंत उपसलेली,
होड्या कुशीवर पडलेल्या,
आणि वीस-पंचवीस बायका कमरेत वाकून
दंताळ्यांनी तिसऱ्या उकरत होत्या.
बोलणं अखंड. कुणाच्या जावयाचं, गुडघ्याचं, भावाचं, तिसऱ्यांच्या भावाचं.

आई पाहत राहिली.
एकीने, ओबदुलिया म्हणत तिला बाकीच्या,
दंताळं पुढे केलं.
"माझ्याकडे परवाना नाही," आई म्हणाली.
"मग सापडेल ते परत टाक."

आईने बूट काढून बाबांच्या हातात दिले.
जिला पोहता येत नाही,
जी नदीतही घोट्यापुढे कधी गेली नव्हती,
ती पोटरीभर चिखलात उतरली
आणि काय बोलत होती त्यांच्याशी
ते वाऱ्याने आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही.
हसली एकदा, मोठ्याने. ब्राइसने माझ्याकडे पाहिलं.

पहिली तिसरी निघाली नखाएवढी.
ओबदुलियाने मापाच्या कडीत धरली, आरपार पडली.
"अजून दोन उन्हाळे," ती म्हणाली.
आईने ती पुरली,
वरून चिखल दोनदा थापटला.

भरती आली तेव्हा बायका बादल्या उचलून गेल्या,
आणि गाडी वळवायला जागाच नव्हती.
आई अनवाणीच बसली, पेडलवर चिखल.
मागे बाबा उभे, हात हलवत: ये, ये, अजून ये.
त्यांना गाडी दिसत होती की नुसता लाल रंग,
कुणी विचारलं नाही.
आई येत गेली, वाकडी, हळू,
मक्यापर्यंत.
बाबांच्या दोन्ही हातांत अजून
तिचा एकेक बूट होता.