पाव टक्का

मकरपुऱ्याला, तीन नंबर शेडमागे
दर फाल्गुनात पैज लागते:
यंदा पीएफला व्याज किती?

जशुभाई साडेआठ. कायमच साडेआठ.
खासेराव पावणेनऊ, कारण मुलीचं ठरलंय.
मी भित्रा, सव्वाआठ.
हरेल त्याने सेव-उसळ द्यायची, तर्री जास्तीची.

वहीत दिघ्यांचाही आकडा आहे,
पेन्सिलीतला: नऊ.
दिवाळीत लिहिला, संक्रांतीला गेले.
फॉर्मवर वारस म्हणून अजून त्यांची आईच,
जी ब्याण्णव सालीच वारली.
वहिनी अकोट्याच्या खिडकीवर खेपा घालतात.

आकडा आला. मी जिंकलो.
जशुभाई पाव मोडत म्हणाला,
"पाव टक्का कमी, त्यात काय बिघडलं, भाऊ?"

तेलकट कागदावरच हिशोब केला मी:
दोन सिलिंडर,
नाहीतर वहिनींच्या बावीस रिक्षा.